नेम आणि भरवसा

२२ ऑगस्ट २०१८. इंडोनेशियातल्या पालेम्बांगच्या रेंजवर आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या महिलांच्या २५ मीटर पिस्तुलाची अंतिम फेरी रंगात आली होती. ५० गोळ्या झाडून झाल्या तेव्हा कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफस्वान यांगपैबून यांचे ३४-३४ हिट झाले होते. बरोबरी फोडायला आणखी पाच गोळ्यांची फेरी झाली आणि दोघींचे चार-चार हिट बसले. पुन्हा पाच गोळ्या. या वेळी राहीचे तीन लागले, प्रतिस्पर्धीचे दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्णपदक मिळवणारी राही ही पहिली भारतीय महिला ठरली.

या फेरीत एक गोळी कशी झाडली जाते ते जवळून पाहण्यासारखं आहे. नेमबाज एका हातात पिस्तूल धरून उभी असते. हात खाली, तिरका. समोरच्या लक्ष्यावर हिरवा दिवा लागला की तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात हात उचलायचा, पुढची आणि मागची साइट एका रेषेत आणायची, चाप दाबायचा. दिवा विझतो, सात सेकंद जातात, पुन्हा तीन सेकंद. असं पाच वेळा. या सगळ्या वेळात ती पिस्तुलाच्या यंत्रणेला हातही लावत नाही. रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस नळीत बसवणं ही कामं पिस्तूल स्वतःच करतं. चाप दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढच्या गोळीची तयारी आपोआप होते, म्हणून ते सेमी-ऑटोमॅटिक.

म्हणजे त्या तीन सेकंदांत दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. गोळी हव्या त्या जागी गेली पाहिजे, आणि मुळात ती सुटली पाहिजे. पहिली अचूकता, दुसरा भरवसा. पिस्तूल घडवणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला या दोहोंचा मेळ घालावा लागतो, कारण एका मर्यादेनंतर एक वाढवली की दुसरी घटते. हा मेळ कुणी, कशासाठी आणि कसा घालायचा, हा या लेखाचा विषय आहे. पिस्तूल म्हटलं की आपल्याकडे एक तर सिनेमा आठवतो नाही तर गुन्हेगारीची बातमी. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून दरवर्षी हजारो मुलंमुली पोलीस दलात आणि सैन्यात जातात, काही रेंजवरही पोचतात. त्यांच्यासाठी हा रोजच्या कामाचा, प्रसंगी जिवाचा प्रश्न आहे.

लोखंडातली तडजोड

गोळी सुटते तेव्हा काडतुसातल्या वायूचा दाब पुंगळीला मागे ढकलतो. वरची स्लाइड मागे सरकते. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा पुंगळीची कड पकडून तिला नळीतून ओढतो, इजेक्टर तिला बाहेर उडवतो. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे लोटते आणि जाताना स्लाइड मॅगझिनमधलं वरचं काडतूस नळीत सरकवते. हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याच्या आत होतं. यातली एक पायरी चुकली की पिस्तूल जाम. पुंगळी अर्धवट बाहेर अडकते, काडतूस तिरकं शिरतं, नाही तर स्लाइड पूर्ण बंदच होत नाही.

अचूकतेसाठी प्रत्येक गोळीनंतर नळी आणि साइट अगदी त्याच जागी परत यावी लागतात. त्यासाठी सुटे भाग एकमेकांत घट्ट बसवलेले हवेत. पण बैलगाडीचं चाक आखावर फार घट्ट बसवलं तर ते फिरत नाही, त्याला जरा सैलपणा लागतो. पिस्तुलाचंही तसंच. भाग फार घट्ट असले तर थोडी काजळी, चिमूटभर धूळ, वाळलेलं तेल किंवा किंचित जाड पुंगळी एवढ्यानंही स्लाइड अडखळते. भाग सैल असले तर घाण पोटात घेऊन पिस्तूल चालत राहतं, पण गोळ्या थोड्या पसरतात.

खेळाच्या आणि पोलीस-सैन्याच्या सेवेतल्या पिस्तुलांचे रस्ते इथेच वेगळे होतात. २५ मीटर स्पर्धेतलं पिस्तूल .२२ बोअरचं असतं. त्याची नळी चौकटीला पक्की जोडलेली असते, ती हलत नाही. गोळीचा धक्का कमी, चाप हलका. नियमानुसार चापाचं वजन किमान १००० ग्रॅम असावं लागतं आणि बहुतेक खेळाडू त्याच्या जवळपासच ठेवतात. पोलिसाच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाचा चाप याच्या दुपटीहून जड असतो, आणि तो तसाच हवा. धावपळीत, घामेजल्या हातात, भेदरलेल्या बोटाखाली हलका चाप म्हणजे नको ती गोळी सुटण्याचा धोका.

पण .२२ च्या काडतुसाला स्वतःच्या खोडी आहेत. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि पेट घेणारं मिश्रण त्या कडेतच भरलेलं असतं. कडेत ते सारखं पसरलेलं नसेल तर ठोका पडूनही गोळी सुटत नाही. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. शिसं आणि त्यावरचं मेण नळीच्या तोंडाशी साचत जातं. म्हणूनच जगातली सर्वांत अचूक पिस्तुलं काडतुसांच्या बाबतीत सर्वांत चोखंदळ असतात. मोठे खेळाडू आपलं पिस्तूल घेऊन काडतुसांच्या वेगवेगळ्या लॉटची चाचणी करतात. जो लॉट आपल्या नळीतून सर्वांत जवळजवळ छिद्रं पाडतो आणि एकदाही अडकत नाही, त्याचेच खोके विकत घेतात. अचूकता आणि भरवसा यांची परीक्षा त्या वेळी एकाच टेबलावर होते.

रेंजवर भरवशाची किंमत

नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी हा भरवसा गृहीत धरलेला नाही. २५ मीटर स्पर्धेच्या नियमावलीत बिघाडावर स्वतंत्र भाग आहे. यंत्रात दोष निघाला किंवा काडतूस फुसकं निघालं तर तो मान्य बिघाड ठरतो आणि खेळाडूला ठरावीक मर्यादेत पुन्हा संधी मिळते. खेळाडू गोळ्या भरायला विसरला, सेफ्टी काढायला विसरला किंवा पंच येण्याआधीच त्याने पिस्तूल उघडलं, तर बिघाड अमान्य. न झाडलेल्या गोळ्या शून्य. त्यामुळे पिस्तूल अडकलं तर बोट बाजूला, नळी लक्ष्याकडे, हात वर आणि पंचाची वाट, हे नव्या खेळाडूला पहिल्या काही दिवसांतच शिकवतात.

नियम सवलत देतात, पण मनाची बसलेली लय परत देत नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी १० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं. ते सेमी-ऑटोमॅटिक नव्हतं, हवेच्या दाबावर चालणारं होतं, पण धडा तोच. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, उरलेल्या गोळ्या घाईत झाडाव्या लागल्या. ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं मिळवली. अचूकतेत तिच्या पिस्तुलाला नावं ठेवायला जागा नव्हती. टोकियोतल्या त्या दिवशी एका छोट्या भागाने साथ सोडली, एवढंच.

महाराष्ट्राने पिस्तुलाच्या खेळात मोठी माणसं दिली आहेत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात पुण्याच्या अनिसा सय्यदला सुवर्ण आणि राहीला रौप्य मिळालं, दोघींनी मिळून सांघिक सुवर्णही जिंकलं. २०१४ ला ग्लासगोमध्ये क्रम उलटला, राही पहिली आणि अनिसा दुसरी. २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात राहीने सुवर्ण मिळवलं तेव्हा पिस्तुलात तसं यश मिळवणारी ती पहिली भारतीय होती. यामागे वरळी, बालेवाडी आणि कोल्हापूरच्या रेंजवर वर्षानुवर्षं झाडलेल्या गोळ्या आहेत. पिस्तूल आयात करता येतं, हा सराव आयात करता येत नाही.

नाशिकपासून ईशापूरपर्यंत

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची मराठी मुलुखाशी ओळख जुनी आहे आणि ती रक्ताने लिहिलेली आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. त्याचं वय १८ सुद्धा पूर्ण नव्हतं. त्याच्या हातातलं ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आलं होतं. सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर अशी २० पिस्तुलं पाठवली होती. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना फाशी झाली.

अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने आरेखलेली आणि बेल्जियमच्या एर्स्तालमध्ये बनलेली ही पिस्तुलं तेव्हा नवलाईची होती. चपटी, अंगाशी लपणारी. नाट्यगृहातल्या अशा हातभर अंतरावर अचूकतेचा प्रश्नच नसतो. तिथे एकच गोष्ट लागते, चाप दाबला की गोळी सुटलीच पाहिजे. या पिस्तुलांचं .३२ चं काडतूसही ब्राउनिंगचंच आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही भारतात टिकून आहे. सैन्य-पोलिसांचं ९ मिलिमीटर बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्याने परवानाधारकाच्या हाती जे पिस्तूल येतं ते बहुधा .३२ चंच.

भरवसा मोजायचा कसा, याचा पायंडाही ब्राउनिंगच्याच पिस्तुलाने पाडला. १९११ च्या मार्चमध्ये अमेरिकी सैन्याच्या चाचणीत त्याच्या .४५ बोअरच्या पिस्तुलातून दोन दिवसांत ६००० गोळ्या झाडल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. ते एकदाही अडकलं नाही. स्पर्धेतलं दुसरं पिस्तूल ३७ वेळा अडकलं. निवड झाली ती या आकड्यांवर. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक निवडलं तेव्हाही निकष असाच होता. १०,००० गोळ्यांत किती अडथळे खपवून घ्यायचे, ते आधीच ठरवलेलं होतं.

ब्राउनिंगच्या अखेरच्या कामावर द्यूदोने सेव्ह यांनी पुढे मेहनत घेतली आणि १९३५ मध्ये हाय-पॉवर बाजारात आलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, त्या काळी कौतुकाची गोष्ट. त्याच आराखड्यावरचं ९ मिलिमीटर १ए पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं आणि आपल्या सैन्यात व पोलिसांत पिढ्यान्‌पिढ्या कंबरेला आहे. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर ‘अस्मि’ हे मशीन पिस्तूल चार महिन्यांत तयार केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ते देशापुढे आलं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, वरणगावचाही काडतुसं बनवतो. पिस्तुलाचा अर्धा भरवसा काडतुसात असतो, आणि तो बनतो आपल्याच राज्यात.

माकणीच्या पोरांसाठी

ही पिस्तुलं ज्यांच्या कंबरेला येतात ती मुलं कुठून येतात, ते एका गावात पाहू. धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यातलं माकणी हे तेरणा नदीकाठचं गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथलंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने हा सगळा परिसर हादरला होता. पावसावरची शेती, हाताला काम कमी, त्यामुळे इथल्या तरुणांची नजर भरतीकडे असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावायचं असतं, गोळाफेक करायची असते. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मग लेखी परीक्षा. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं याच मिनिट-सेकंदांचा हिशेब मांडत असतात. या सगळ्यात शस्त्राचा कुठे संबंध येत नाही. तो येतो निवड झाल्यावर, प्रशिक्षण केंद्रात, गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर म्हणजे फायरिंग बटवर.

आणि तिथे नव्या शिपायाला कुणी विचारत नाही की तुला कोणतं पिस्तूल हवं. खेळाडू आपलं शस्त्र निवडतो, पोलिसासाठी ते सरकार निवडतं. म्हणून निवडीची जबाबदारी सरकारवर दुप्पट आहे. माझ्या मते सेवेच्या पिस्तुलात भरवसा आधी, अचूकता मागून, आणि याला साधं गणित पुरेसं आहे. सेवेच्या पिस्तुलावर पुढची आणि मागची साइट यांत साधारण १६ सेंटिमीटर अंतर असतं. हात थरथरून ती रेषा एक मिलिमीटर जरी चुकली, तर २५ मीटरवर गोळी साडेपंधरा सेंटिमीटर बाजूला जाते. चांगल्या सेवा पिस्तुलाचा स्वतःचा दोष याहून पुष्कळ कमी असतो. सरावाशिवायच्या हातात अतिअचूक पिस्तूल दिलं तर ती अचूकता वायाच जाते, शिवाय प्रत्यक्ष प्रसंग येतो तो बहुतेकदा काही मीटरवर. उलट जे पिस्तूल उन्हाळ्याच्या फुफाट्यात, पावसाच्या ओलीत आणि महिनोन्‌महिने चामड्याच्या होल्स्टरमध्ये राहूनही पहिल्या दाबाला सुटतं, ते शिपायाचा जीव वाचवतं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबई पोलिसांनी जुन्या रायफली आणि पिस्तुलांनिशी दहशतवाद्यांच्या एके-४७ ला तोंड दिलं. गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरली आणि प्राण दिले. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने सरावासाठी लागणाऱ्या दारूगोळ्याच्या टंचाईवर बोट ठेवलं. नवी शस्त्रं घेतल्याचे फोटो छापून येतात. वर्षाला प्रत्येक शिपायाने किती राउंड झाडले, हे कुणी छापत नाही. माझ्या लेखी खरा आकडा तोच.

भरवशाचं मोठं काम शस्त्रागारात, शस्त्रांची देखभाल करणाऱ्या आर्मररच्या टेबलावर होतं. मॅगझिनच्या तोंडाशी दोन ओठ असतात, ते काडतुसाला धरून ठेवतात. मॅगझिन जमिनीवर आपटून त्यातला एक ओठ जरासा वाकला तरी काडतूस चुकीच्या कोनात वर येतं आणि चांगलं पिस्तूल अडकायला लागतं. मग लोक म्हणतात, पिस्तूल खराब आहे. पिस्तूल ठीक असतं, मॅगझिन खराब असतं. म्हणून मॅगझिनवर क्रमांक टाकावेत आणि अडथळा आणणारं लगेच बाजूला काढावं. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यामागची काजळी ब्रशने काढावी. तेलाचा हात पातळ असावा, जास्त तेल धूळ धरतं. थकलेल्या स्प्रिंगा वेळेवर बदलाव्यात, आणि जुना राउंड कंबरेला ठेवण्याऐवजी सरावात संपवावा. यातल्या एकाही गोष्टीला परदेशी चलन लागत नाही.

परवानाधारकाला दोन शब्द

स्वसंरक्षणासाठी परवाना मागणारेही आपल्या भागात आहेत. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं बाळगता येतात आणि लग्नात वा मिरवणुकीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा योग्यच आहे. हवेत गेलेली गोळी खाली येतेच.

परवाना मिळाला तर निवड करताना दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. हाताच्या मुठीत बसणारं, आपल्या बोटाच्या ताकदीला पेलणारं पिस्तूल घ्यावं. गावात जे काडतूस नियमित मिळतं त्याचंच घ्यावं. परवान्यावर जी काडतुसं मिळतात त्यातली बरीच अधिकृत रेंजवर झाडून पाहावीत, आणि एकाच प्रकारची काडतुसं सलग न अडकता गेली तरच त्या पिस्तुलावर विसंबावं. २५ मीटरवर छिद्रं किती जवळजवळ पडतात याचा हिशेब नंतर. आणि घरात ते कुलूपबंद, काडतुसं वेगळी. लहान पोराच्या हाती लागणारं पिस्तूल कितीही चांगलं असलं तरी ते घरातलं संकटच.

गावठी पिस्तुलाबद्दल वेगळं बोलायला हवं. बातम्यांत रोज येणारी ही हत्यारं कोणत्याही कसोटीवर उतरत नाहीत. परवान्याच्या कारखान्यात प्रत्येक नळी जादा दाबाच्या काडतुसाने तपासून मगच बाहेर जाते. गावठी नळीचं पोलाद कुणी तपासलेलं नसतं, ती झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. तिथे ना नेम, ना भरवसा, आणि पुढे आयुष्यभराची कोर्टकचेरी. कोणत्याही गावातल्या तरुणाने या वाटेला जाऊ नये.

निवाडा

खेळात अचूकता पहिली, पण ज्या पिस्तुलावर भरवसा नाही ते रेंजवर आणूच नये. सेवेत भरवसा पहिला, आणि अचूकता हातभर-खोलीभर अंतरावर पुरेल एवढी असली की पुरे. घरातल्या परवान्याच्या पिस्तुलात भरवशाआधीही सुरक्षितता. आणि या तिन्हींच्या वर आहे तो सराव. ज्याने शंभर गोळ्याही झाडल्या नाहीत त्याला पिस्तुलाचा दोष आणि हाताचा दोष वेगळा सांगता येत नाही, म्हणून त्याला निवडही करता येत नाही.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन्स प्रकारात ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. खेड्यातल्या पोराला हे जमतं, हे सिद्ध झालेलं आहे. १० मीटर एअर पिस्तुलाला एक लांब खोली, चार लक्ष्यं आणि एक जाणता प्रशिक्षक पुरतो. माझी शासनाला आणि जिल्हा नियोजन समित्यांना विनंती आहे की मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यात अशी एक रेंज उभी करावी, लोहाऱ्यातही करावी, आणि पोलीस दलात दर शिपायामागे वर्षाला किती राउंड सराव झाला याचा आकडा दरवर्षी जाहीर करावा. पिस्तूल कोणतं घ्यायचं याची चर्चा त्यानंतर करू.